आक्कांच्या यंत्रावरच्या बाई

आक्कांच्या घरी दर रविवारी सकाळी जे जमायचं, त्याला मंडळ म्हणावं तर अध्यक्ष नव्हता आणि गोतावळा म्हणावं तर कुणी कुणाच्या नात्यातलं नव्हतं. एका गाणाऱ्या बाईंपायी एकत्र आलेली ही माणसं. एके काळी शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागून आणाव्या लागत आणि तरी कुणीतरी खिडकीच्या कट्ट्यावर बसलेलं असे. मग कुणी गाव सोडलं, कुणी जग सोडलं, कुणाच्या गुडघ्यांना आक्कांचा जिना झेपेना. आता उरली होती चौघं. गलका मात्र जुन्या दिवसांइतकाच.

आक्का म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या जुन्या नर्सबाई. सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. अर्ध्या गावाला पहिला धपाटा मी घातलाय, असं त्या म्हणायच्या, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. गळ्यातली टेप रविवारीही निघायची नाही. वकीलसाहेबांनी वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती, वाद घालणं तेवढं सुटलं नव्हतं. आणि चौथी चष्म्याच्या दुकानाची मालकीण. तिला सगळे 'व्यत्यय' म्हणत.

या नावाची कथा अशी. बाई ऐन भरात असताना आक्कांनी तीनदा त्यांच्या मैफलीचं तिकीट काढलं आणि तिन्ही वेळा कुणी ना कुणी नेमकं त्याच संध्याकाळी जन्माला यायचं ठरवलं. तिसऱ्या खेपेला तर आक्का कपडे बदलून, केस विंचरून, तिकीट हातात धरून वॉर्डाच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. तेवढ्यात एका बाईला स्ट्रेचरवरून आत आणलं. जोडीची नर्स तापाने फणफणलेली. आक्का मागे फिरल्या. पोर जन्माला आलं तोवर तिकडे लोक टाळ्या वाजवून घरी गेले होते. त्यानंतर बाईंच्या गळ्याचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली आणि बाई पुन्हा कधी गायल्याच नाहीत. कुठे गेल्या, आहेत की नाहीत, तेही कुणाला कळलं नाही.

ते पोर मोठं झालं, शिकलं, चष्म्याचं दुकान काढून बसलं. आईने सांगितलेली गोष्ट मनात धरून एका रविवारी आक्कांच्या दारात उभं राहिलं आणि हात जोडून म्हणालं, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व!" आक्का हसून हसून खुर्चीत कोसळल्या. पोरगी गाणं ऐकायला थांबली ती कायमची.

हसण्यावारी नेलं तरी आक्कांचं एवढं एकच राहून गेलं होतं. तो आवाज, मध्ये रेकॉर्डचं यंत्र न येता, एकदा कानावर पडावा. मास्तरांनी बाईंना प्रत्यक्ष ऐकलं होतं, वकीलसाहेबांनी ऐकलं होतं, आणि दोघेही ते विसरू देत नसत.

"आक्का, तुम्ही या मुद्द्यावर बोलूच नका," वकीलसाहेब म्हणत. "तुमची साक्ष ऐकीव."

"आणि तुमची शेवटच्या रांगेतली," आक्का म्हणत. "तीही नव्या बायकोशेजारी बसून. तुम्ही कुठलं गाणं ऐकताय!"

या बैठकीचा एक रिवाज होता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले की मास्तरांनी उठायचं, रेकॉर्डवरचं फडकं बाजूला करायचं आणि सुई ठेवायची. शिंप्याचा हात, तो कापत नाही, म्हणून हे काम त्यांच्याकडे. सुरुवात नेहमी एकाच गाण्याने. त्या गाण्यात एक बाई उंबऱ्यात उभी आहे. बाहेरच्याला ती ये म्हणत नाही आणि जा म्हणत नाही. मंडळी त्याला उंबऱ्याचं गाणं म्हणत. सुई उचलेपर्यंत कुणी अक्षर बोलायचं नाही. जो बोलेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. वकीलसाहेब या घरात इतका चहा करून चुकले होते की साखर कुठे संपत आलीय हे आक्कांच्या आधी त्यांना कळे.

तर एका रविवारी व्यत्ययने मोबाईल काढला आणि म्हणाली, "रागावू नका हं, पण हे ऐका." मोबाईलवर तेच गाणं लागलं.

दोन ओळी होतात न होतात तोच मास्तरांनी हात वर केला. "बंद कर. ही बाईंची नक्कल करणारी कुणी दिसतेय."

"बाईच आहेत, मास्तर."

"मग तिला गाडी पकडायचीय का? केवढी घाई! आणि आवाज बघ, चिमटा काढल्यासारखा."

"मोबाईल वेगात वाजवतो," वकीलसाहेबांनी निकाल दिला. "आजकाल सगळंच वेगात चाललंय."

"मोबाईल बरोबर वाजवतोय," व्यत्यय म्हणाली. "मी चार ठिकाणी ताडून पाहिलं. आपलं यंत्र हळू फिरतंय. आतला रबरी पट्टा ढिला झालाय. त्यामुळे गाणं लांबतं आणि सूर खाली उतरतो. आपण इतकी वर्षं हे गाणं खालच्या सुरात ऐकतोय!"



"अगं, पण मी प्रत्यक्ष ऐकलंय!" मास्तर म्हणाले. "मला कळलं नसतं?"

"पट्टा एका दिवसात थोडाच सैलावतो! दर रविवारी केसभर. तुमचा कानही केसभर सरकत गेला."

वकीलसाहेब दाढी खाजवत म्हणाले, "म्हणजे यंत्र आणि आपण एकदमच म्हातारे झालो म्हणायचं."

पुढच्या रविवारी व्यत्यय नवा पट्टा घेऊन आली. काळा, तुकतुकीत, बांगडीएवढा. आक्कांनी तो बोटांवर ताणून पाहिला आणि स्वयंपाकघरात नेऊन चमच्यांच्या खणात टाकला.

"बसवायचा नाही?" व्यत्ययने विचारलं.

"बसवू गं सावकाश."

"आक्का!"

"अगं, ते तुझ्या मोबाईलमधलं खरं असेल. पण मला ठाऊक असलेल्या बाई या आहेत. मी एकटी राहायला लागले तेव्हा यांच्याच आवाजाने घर भरलं. आता या वयात मी नव्या बाईशी ओळख करून घेऊ?"

 

असेच काही आठवडे गेले. मग एका रविवारी व्यत्यय जिना धावत चढून आली. श्वास लागलेला, पर्स एका खांद्यावरून घसरलेली.

"बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "माझ्या दुकानात."

"कुठली बाई?" मास्तर म्हणाले.

"बाई!"

आक्कांच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

"नीट सांग," वकीलसाहेब पुढे सरकले. "पहिल्यापासून."

"एक आजीबाई नंबर तपासायला आल्या. बारीक चणीच्या, हातात काठी. मी म्हटलं, हनुवटी इथे टेकवा. टेकवली. म्हटलं, समोरची ओळ वाचा. आणि वाचायच्या आधी त्यांनी श्वास घेतला."

तिने तो श्वास घेऊन दाखवला. छोटासा, आणि शेवटी किंचित अडखळलेला, जसं कुणी पाऊल उचलून परत तिथेच ठेवावं.

तिघांनीही यंत्राकडे पाहिलं. उंबऱ्याच्या गाण्यात दुसरं कडवं सुरू होण्याआधी हाच श्वास ऐकू येतो. हा श्वास चुकून राहिला की बाईंनी मुद्दाम घेतला, यावरून या खोलीत एके काळी अख्खा हिवाळा भांडण चाललं होतं. दोन माणसं त्यापायी यायची बंद झाली होती.

"मग?" आक्का म्हणाल्या.

"मी म्हटलं, 'बाई?' तर म्हणाल्या, 'चष्म्याचं बघा.'"

"शाब्बास!" मास्तर म्हणाले. "त्याच त्या."

"मग फ्रेम निवडताना आरशात बघत विचारलं, 'कशावरून ओळखलंस?' मी म्हटलं, 'श्वासावरून.' त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. मग म्हणाल्या, 'आवाज गेला, श्वास राहिला म्हणायचा.' इतकी वर्षं दुसऱ्या गावी लेकीकडे होत्या. आता इथे भाच्याकडे आल्यात. आक्का, मी त्यांना इथलं सगळं सांगितलं. येते म्हणाल्या. पुढच्या रविवारी."

वकीलसाहेब उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"पण दोन अटी आहेत," व्यत्यय म्हणाली. "गा म्हणायचं नाही. आणि त्यांची रेकॉर्ड लावायची नाही. त्यांना ऐकवत नाही. म्हणाल्या, 'ती मुलगी तिकडे वर बसून गात असते. मी खालून बघत राहते. माझा हात तिथवर पोचत नाही.'"

"मग करायचं काय?" वकीलसाहेब म्हणाले. "भाजीचे भाव विचारायचे?"

"नुसत्या बसल्या तरी चालेल," आक्का म्हणाल्या. पण हे म्हणताना त्यांनी मान खिडकीकडे वळवली. इतक्या वर्षांनी बाई या खोलीत येणार, या खुर्चीत बसणार आणि गाणार मात्र नाहीत. नशीब दारापर्यंत येऊन पुन्हा तिकीट हातात देऊन परत चाललं होतं.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. मास्तरांनी बाईंच्या खुर्चीसाठी नवी गादी शिवली आणि उंची पसंत पडेना म्हणून पुन्हा उसवून शिवली. वकीलसाहेबांनी बाईंना विचारायच्या प्रश्नांची इतकी उजळणी केली की त्यांची बायको म्हणाली, कोर्टात उभं करताय का त्यांना? आक्कांनी यंत्रावर फडकं टाकून ठेवलं. खाली रेकॉर्ड तशीच होती, गेल्या रविवारची. ती काढून ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती तिथे नेहमीच असायची, भिंतीसारखी.

रविवारी बाई आल्या. व्यत्ययने त्यांना दंडाला धरून जिना चढवून आणलं. आखूड कापलेले पांढरे केस, नवा चष्मा, पायांत मऊ बूट. रेकॉर्डच्या पाकिटावरची ती मान वळवून बघणारी तरुण मुलगी कुठेच दिसत नव्हती. मग बाईंनी दारात थांबून मान वळवली, आणि ती दिसली.

चाळीस वर्षं जे बोलायचं मनात घोळवलं होतं, ते सगळं घेऊन मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, "जिना जरा उभाच आहे."

"हो," बाई म्हणाल्या.

"उन्हाचा त्रास झाला नाही ना?" वकीलसाहेबांनी विचारलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"नाही."

बाईंचा बोलण्याचा आवाज खरखरीत होता, खोल, विहिरीत उतरल्यासारखा. आक्कांनी बिस्किटांची बशी पुढे केली. बाईंनी एक उचललं आणि हातात धरून ठेवलं. व्यत्यय एकीकडून दुसरीकडे बघत होती.  ज्या माणसांना या बाईंच्या एका श्वासावर हिवाळाभर बोलता आलं, त्यांना बाईंपुढे एक वाक्य जमेना. शांतता वाढत गेली, अवघड झाली, आणि त्या शांततेत भिंतीवरच्या घड्याळाने अकराचे ठोके दिले.

मास्तर उठले. त्यांनी फडकं बाजूला केलं. झटक्याने खटका ओढला. सुई ठेवली.

काय झालं ते त्यांना स्वतःला सुई टेकल्यावर कळलं. व्यत्ययने तोंडावर हात घेतला. वकीलसाहेबांनी डोळे मिटले. मास्तर तसेच वाकलेले, हात हवेत. पुन्हा सुई उचलावी तर बोटं कापायला लागलेली, रेकॉर्डवर चरा जायचा. उभ्या आयुष्यात तो हात पहिल्यांदा कापत होता.

आणि गाणं सुरू झालं.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. हातातलं बिस्कीट बशीत ठेवून त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या. आक्कांना वाटलं, चालल्या. संपलं. पण बाई उठल्या त्या तशाच थबकल्या.

"ही कोण?" त्या म्हणाल्या. "मी इतकं खाली गायले नव्हते."

रिवाज म्हणा किंवा भीती म्हणा, कुणी उत्तर दिलं नाही. बाई हळूच परत बसल्या. नवीन गादीवर त्यांची बोटं ठेका धरू लागली, आधी न कळत, मग कळून. ओठ हलले. मग यंत्रातल्या आवाजाच्या खाली, कुणीतरी जमिनीवरून पाय ओढत चालावं तसा, दुसरा एक आवाज ऐकू आला.

आक्कांना तो आधी यंत्राचाच घरघराट वाटला. मग कळलं. बाई गुणगुणत होत्या.

ती वरची मुलगी खाली उतरून आली होती. एकेका रविवारी केसाकेसाने उतरत, ढिल्या पट्ट्याचा जिना धरून, ती बाईंच्या हाताला लागेल इतकी खाली येऊन थांबली होती. बाईंनी तोंड उघडलं आणि पहिल्या कडव्याची शेवटची ओळ त्या गायल्या, तिच्या बरोबरीने, खांद्याला खांदा लावून.

आक्का यंत्राच्या शेजारीच बसायच्या, नेहमीच्या जागी. त्यांनी हात लांब केला आणि आवाजाचं बटण धरलं. बाळाचं डोकं बाहेर येताना हात जसा ठेवतात तसा त्यांचा हात होता. ओढायचं नाही, फक्त सोबत करायची. बटण त्यांनी किंचित फिरवलं. यंत्रातला आवाज जरा मागे गेला. बाईंना कळलं नाही, त्यांचे डोळे मिटलेले होते. आणखी किंचित. साथीची वाद्यं भिंतीपलीकडे गेली. आणखी. आता यंत्रातल्या बाई दूरच्या खोलीत आणि या बाई इथे. मग आक्कांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

रेकॉर्ड मुकाट फिरत राहिली. खोलीत फक्त बाईंचा आवाज उरला.

तो काही पहिला आवाज नव्हता. जागोजागी तो फाटत होता, एका अवघड जागेला तर बाईंनी वळसा घातला, पायरी निखळली असेल तिथे म्हातारं माणूस घालतं तसा. पण त्यात वजन होतं. उंबऱ्यात उभ्या असलेल्या बाईचं गाणं इतके दिवस एक मुलगी गात होती. आता ते उंबऱ्यात उभी राहून राहून म्हातारी झालेली बाई गात होती, आणि ये का म्हणता आलं नाही, जा का म्हणता आलं नाही, ते सगळं त्या आवाजात साचलेलं होतं. खिडकीची काच बारीक थरथरत होती. आक्कांच्या छातीच्या हाडाला तो आवाज लागत होता. यंत्रातून येतो तो कानाला लागतो; हाडाला लागत नाही, हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या कडव्यापाशी बाई थांबल्या. त्यांनी श्वास घेतला.

छोटासा. शेवटी अडखळलेला. हात पुढे केला तर लागेल एवढ्या अंतरावर.

आक्कांनी जन्मभर पहिले श्वास ऐकले होते. निळं पडलेलं पोर उलटं धरून, वॉर्डाचा दिवा डोळ्यांत खुपत असताना, आता घेईल, आता घेईल म्हणून ऐकलेले. तो आला की दर वेळी त्यांचाही अडकलेला श्वास सुटायचा. तसंच त्यांचं आता झालं. व्यत्यय त्यांच्या पायाशी कधी येऊन बसली ते त्यांना समजलं नाही. तिचं डोकं त्यांच्या गुडघ्यावर होतं, आणि त्या ते डोकं थोपटत होत्या.

गाणं संपलं. बाईंनी डोळे उघडले. चौघंही जिथल्या तिथे होती. मास्तरांच्या गळ्यातली टेप एका बाजूने जमिनीपर्यंत लोंबत होती. वकीलसाहेब चष्मा हातात घेऊन उघड्या डोळ्यांनी रडत होते आणि पुसतही नव्हते. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी वाहवा केली नाही.

बाईंनी एकेकाकडे पाहिलं. "काय झालं?" त्या म्हणाल्या. "बरं नाही झालं का?"

 वकीलसाहेबांनी बोट वर केलं आणि यंत्राकडे दाखवलं. सुई अजून रेकॉर्डवर होती. शेवटच्या चरीत बिनआवाजाची फिरत होती.

शेवटी मास्तर पुढे झाले. दोन्ही हातांनी सुई उचलली. उचलल्याबरोबर व्यत्ययला हसू आणि हुंदका एकदमच फुटला. "बाई, सुई उचलायच्या आधी इथे बोलायचं नसतं. बोलेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नियम माहीत नव्हता, हा बचाव चालत नाही," वकीलसाहेब नाक ओढत म्हणाले. "मी कित्येकदा करून पाहिलाय."

बाई हसल्या. काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि आक्कांच्या आधाराने स्वयंपाकघरात गेल्या. पाणी ठेवलं. चमचा शोधायला खण उघडला, तर हाताला तो काळा पट्टा लागला.

"हे कशाचं?"

"यंत्राचं आहे," आक्का म्हणाल्या. "नवा पट्टा. जुना ढिला झालाय, गाणं खाली उतरलंय. बसवायचा राहिला."

बाईंनी तो बोटांवर ताणला, जसा आक्कांनी ताणून पाहिला होता. मग खणात पार मागे, मोठ्या डावांच्या मागे सारला आणि चमचा घेतला.

"इस्पितळात होतात म्हणे तुम्ही," त्या म्हणाल्या. "ही पोरगी सांगत होती. माझ्या शेवटच्या मैफलीला यायचं राहिलं तुमचं."

"राहिलं होतं," आक्का म्हणाल्या.

बाईंनी साखरेचा डबा उघडला. आक्का दारालाच टेकून उभ्या राहिल्या.  पाण्याला आधण आलं आणि बाई पुन्हा गुणगुणू लागल्या, स्वतःशीच, वळसा घातलेली ती अवघड जागा घेऊन बघत. एकदा नाही जमली. पुन्हा मागे येऊन घेतली. बाहेरच्या खोलीतला गलका थांबला. पाणी उकळत राहिलं, उकळून उकळून निम्मं आटलं, आणि चहा टाकायचा राहिलाय हे बाईंना कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही.